थिअरी पुढे गेली, निकाल तिथेच राहिला

अमेरिकेचा मक्तेदारीविरोधी कायदा, म्हणजे १८९० चा शर्मन अ‍ॅक्ट, वाचायला घेतला तर पाच मिनिटांत संपतो. व्यापाराला आडकाठी करणारे करार बेकायदा, मक्तेदारी करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा, आणि पुढे शिक्षा वगैरे. मक्तेदारी करणं म्हणजे कंपनीने नक्की काय केलं की ते गुन्ह्यात बसतं, हे त्यात कुठेच नाही. बरं, आडकाठी म्हणाल तर प्रत्येकच करार कुणाला तरी आडकाठी करतो, एका सप्लायरशी वर्षभराचा करार केला की दुसऱ्याला तेवढं वर्ष दार बंदच ना. म्हणून १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फक्त अवाजवी आडकाठीच बेकायदा धरायची, आणि त्या कंपनीचे ३४ तुकडे झाले. पण अवाजवी काय आणि वाजवी काय हे ठरवायचं कशावरून? इथून जे इकॉनॉमिक्स ह्या कायद्यात शिरलं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही, आणि येऊही नये असं माझं मत आहे.

मात्र ते आत शिरून करतं काय ह्याबद्दल बराच गैरसमज आहे. लोकांना वाटतं इकॉनॉमिस्ट कोर्टात येतो, आकडेमोड करतो, एवढं नुकसान होईल म्हणून सांगतो आणि जजसाहेब मान्य करतात किंवा करत नाहीत. होतं काय तर दोन्ही बाजूंचे इकॉनॉमिस्ट येतात, दोघंही नामांकित, दोघांचीही मॉडेल्स व्यवस्थित मांडलेली, आणि उत्तरं एकदम उलटी. जज हा कायद्याचा माणूस, त्याने ह्यातलं कुठलं मॉडेल खरं हे ठरवायचं तरी कसं? मग बऱ्याचदा केस फिरते ती पुरावा आणायची जबाबदारी कोणावर होती ह्यावर. आणि ती जबाबदारी आधीच कुठल्यातरी जुन्या निकालात, त्या काळी जी थिअरी चलनात होती तिच्यावर विसंबून, वाटून झालेली असते. थिअरीची खरी ताकद मला इथे दिसते. सगळा धोकाही इथेच आहे, कारण थिअरी दहा-वीस वर्षांत बदलते आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल बऱ्याचदा पन्नास-पन्नास वर्षं जागचा हलत नाही.

आधी थिअरी जवळजवळ नव्हतीच किंवा अगदी ढोबळ होती तेव्हा काय होत होतं ते बघू, कारण "इकॉनॉमिस्ट लोकांनी सगळं बिघडवलं" म्हणणारे हा भाग विसरतात. १९४० ते ६० च्या दशकांत हार्वर्डच्या एडवर्ड मेसन आणि बर्कलीच्या जो बेन ह्यांची मांडणी जोरात होती. मार्केटची रचना कंपन्यांचं वागणं ठरवते आणि वागणं पुढे परिणाम ठरवतं, म्हणजे कंपन्या थोड्या असल्या की भाव चढणार, सरळ हिशोब. कोर्टांनी ह्याचं आणखी सोपं रूप उचललं, मार्केटमधला वाटा मोजा आणि निकाल द्या. १९६६ च्या व्हॉन्स ग्रोसरीच्या केसमध्ये लॉस एंजेलिसमधल्या दोन किराणा चेन एकत्र झाल्या होत्या, दोघांचा मिळून त्या शहरातल्या विक्रीत वाटा होता साडेसात टक्के. साडेसात! तरी सुप्रीम कोर्टाने ते मर्जर बेकायदा ठरवलं, कारण काय तर एकेकट्या दुकानमालकांची संख्या १९५० मध्ये ५,३६५ होती ती १९६१ पर्यंत ३,८१८ वर आली होती आणि ही घसरण थांबवली पाहिजे. लहान दुकानदारांबद्दल आस्था असणं मी समजू शकतो, पण ह्या मर्जरमुळे गिऱ्हाइकाला भाव जास्त पडणार की कमी हा प्रश्न त्या निकालात जवळपास विचारलाच गेला नाही. जस्टिस पॉटर स्ट्युअर्ट ह्यांनी आपल्या विरोधी मतात लिहिलंय की अशा केसेसमध्ये मला एकच सातत्य दिसतं, सरकार दर वेळी जिंकतं. हे वाचलं की शिकागोवाले पुढे इतके का जिंकले ते कळतं.

शिकागोवाले म्हणजे अ‍ॅरन डिरेक्टर, जॉर्ज स्टिगलर, रिचर्ड पोस्नर, रॉबर्ट बोर्क ही मंडळी. त्यांनी एक प्रश्न कोर्टाला विचारायला लावला, की ह्या वागण्यातून कंपनीला फायदा नेमका कुठून होतो ते समजावून सांगा. तो स्पर्धा मारून होतो की काम स्वस्तात केल्यामुळे होतो? उदाहरणार्थ उत्पादक आपल्या डीलरला सांगतो की तू फक्त ह्याच भागात माल विकायचा. १९६७ मध्ये कोर्टाने ही सरळसरळ स्पर्धेची गळचेपी ठरवली होती. शिकागोचं म्हणणं असं की उत्पादकाला डीलरचं मार्जिन उगाच फुगवून काय मिळणार, त्याचा मालच कमी खपेल, तेव्हा तो हे करतोय म्हणजे डीलरने जाहिरात आणि सर्व्हिसवर खर्च करावा आणि शेजारच्या डीलरने त्यावर फुकट डल्ला मारू नये म्हणून करत असणार. १९७७ च्या सिल्व्हेनियाच्या केसमध्ये कोर्टाने हे मान्य करून दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचाच निकाल फिरवला. मला हे बरोबर वाटतं. इथे थिअरीने कोर्टाला एक नवी शक्यता दाखवली आणि दर वेळी पुरावा बघून ठरवा असं म्हटलं, दार लावून नाही घेतलं.

पण प्रेडेटरी प्रायसिंगमध्ये नेमकं दार लावून घेतलं गेलं आणि ह्याच विषयावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

प्रेडेटरी प्रायसिंग म्हणजे मोठ्या कंपनीने तोटा सोसून भाव इतका पाडायचा की लहान कंपनी बुडावी, आणि ती गेली की मग भाव चढवून तोटा वसूल करायचा. स्टँडर्ड ऑइलने हेच केलं असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जात होतं. १९५८ मध्ये जॉन मॅगी ह्या अर्थतज्ज्ञाने त्या केसचं जुनं रेकॉर्ड चाळलं आणि लिहिलं की असं पद्धतशीर झालेलं दिसत नाही, आणि तसं करण्यात शहाणपणाही नव्हता. त्याचा युक्तिवाद खरंच चांगला आहे. मोठ्या कंपनीचा माल जास्त खपतो म्हणजे भाव पाडल्यावर तोटाही तिलाच जास्त, लहान कंपनी तेवढा वेळ काम थांबवून बसू शकते, ती बुडाली तरी तिची मशिनरी कोणीतरी स्वस्तात घेऊन परत धंद्यात उतरणार, आणि एवढं सगळं करण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला विकत घेणं स्वस्त पडतं. १९७५ मध्ये फिलिप अरीडा आणि डोनाल्ड टर्नर ह्या हार्वर्डच्या दोघांनी कोर्टासाठी एक सोपी टेस्ट सुचवली, भाव सरासरी बदलत्या खर्चाच्या (उत्पादनाप्रमाणे कमी-जास्त होणारा खर्च, दर नगामागे) खाली गेला तर संशय धरा, वर असेल तर सोडून द्या. कोर्टांना असं काहीतरी हवंच होतं, पटापट उचललं.

मग १९८६ ची मात्सुशिता केस. झेनिथ वगैरे अमेरिकन टीव्ही कंपन्यांचा आरोप होता की जपानी कंपन्यांनी संगनमताने दोन दशकं अमेरिकेत भाव पाडून ठेवलेत. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की वीस वर्षं तोटा सोसून अजून मक्तेदारी आलेली नाही तर असा कट असणं पटण्यासारखं नाही. त्या तथ्यांवर हा निकाल मला तरी ठीक वाटतो. अडचण पुढच्या वाक्यात आहे. कोर्टाने असंही लिहिलं की प्रेडेटरी प्रायसिंग क्वचितच केलं जातं आणि त्याहून क्वचित यशस्वी होतं ह्यावर अभ्यासकांचं एकमत आहे.

एकमत? १९८२ मध्येच, म्हणजे ह्या निकालाच्या चार वर्षं आधी, डेव्हिड क्रेप्स आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी एक, आणि पॉल मिलग्रोम आणि जॉन रॉबर्ट्स ह्यांनी दुसरा, असे पेपर लिहून गेम थिअरीने दाखवलं होतं की तोटा सोसून एकाला झोडपणं पूर्ण शहाणपणाचं असू शकतं, कारण बाकीचे दहा जण ते बघत असतात. कंपनी एका मार्केटमध्ये जो तोटा खाते तो खरं तर आपण किती आडमुठे आहोत ही ख्याती कमवण्याचा खर्च असतो आणि तो वसूल होतो दुसऱ्या मार्केट्समध्ये, जिथे कोणी उतरायची हिंमतच करत नाही. मॅगीचा हिशोब एकाच मार्केटचा, एकाच भांडणाचा होता. पुढे बँका आणि कर्ज ह्यांच्या बाजूनेही अशीच मॉडेल्स आली, की लहान कंपनीला धंदा चांगला असूनही बँक पैसे देत नाही कारण तोट्याचं कारण तिची नालायकी की समोरच्याचा हल्ला हे बँकेला बाहेरून ओळखता येत नाही. ती "काम थांबवून बसू शकते" हे कागदावर ठीक आहे, कर्जाचा हप्ता थांबत नाही.

पण निकालात एकमत लिहून झालं होतं. १९९३ च्या ब्रुक ग्रुपच्या केसमध्ये त्याचं रूपांतर पक्क्या नियमात झालं. लिगेट ह्या सिगारेट कंपनीने बिनब्रँडच्या स्वस्त सिगारेटी आणल्या, ब्राउन अँड विल्यमसनने त्याच प्रकारात तोटा सोसून भावयुद्ध केलं, ते दीड वर्ष चाललं. ज्युरीने लिगेटच्या बाजूने जवळपास ५ कोटी डॉलर्सची भरपाई दिली, कायद्याप्रमाणे ती तिप्पट झाली असती. खालच्या कोर्टाच्या जजने ही भरपाई रद्द केली, सुप्रीम कोर्टाने ते रद्द करणं कायम ठेवलं आणि सांगितलं की फिर्यादीने दोन गोष्टी सिद्ध करायच्या, एक म्हणजे भाव खर्चाच्या खाली होता आणि दोन म्हणजे हा तोटा नंतर वसूल होण्याची शक्यता खरोखर होती. दुसरी अट बघा. जी लहान कंपनी आत्ता मरायला टेकलीय तिने भविष्यात समोरचा किती कमावेल हे सिद्ध करायचं, तेही शक्यतो त्याच मार्केटमध्ये, आणि ख्यातीमुळे दुसरीकडे होणारी वसुली ह्या चौकटीत बसवणं महाकठीण. मॅगीने विचारलेला एक चांगला प्रश्न तीस-पस्तीस वर्षांनी फिर्यादीच्या गळ्यातला दगड झाला.

२००३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध सरकारची केस अपील कोर्टात हरली तेव्हाचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. आरोप होता की डॅलस फोर्ट वर्थहून जाणाऱ्या रूट्सवर स्वस्त एअरलाइन आली की अमेरिकन एअरलाइन्स फ्लाइट्स वाढवून भाव पाडते आणि ती गेली की पुन्हा पहिल्यासारखं. अपील कोर्टाने मान्य केलं की नवीन संशोधनामुळे प्रेडेटरी प्रायसिंग अशक्य आहे ही समजूत आता टिकत नाही आणि आपण पूर्वीइतक्या अविश्वासाने त्याच्याकडे बघत नाही. आणि तरीही खर्चाच्या टेस्टमध्ये सरकार नापास म्हणून केस संपली. म्हणजे थिअरी बदलली हे जजना ठाऊक होतं, पण हात बांधलेले.

तीच अरीडा-टर्नरची टेस्ट युरोपात गेली तर तिचं काय झालं बघा. १९९१ मध्ये अ‍ॅक्झोच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाने सरासरी बदलत्या खर्चाची पातळी घेतली, पण तिथेच थांबलं नाही, वर्चस्व असलेल्या कंपनीचा भाव त्याखाली गेला तर गैरवापर गृहीतच धरायचा, आणि त्याच्या वर पण एकूण सरासरी खर्चाच्या खाली असेल तर प्रतिस्पर्ध्याला घालवायचा प्लॅन होता का ते तपासायचं. वसुलीचं म्हणाल तर १९९६ च्या टेट्रा पॅक आणि २००९ च्या फ्रान्स टेलिकॉमच्या निकालांत ती सिद्ध करणं सक्तीचं नाही असंच सांगितलं. अर्थशास्त्र तेच, पुस्तकं तीच, ओझं वेगळ्या खांद्यावर, म्हणून निकाल वेगळे. युरोपची पद्धत सगळीकडे बरोबरच आहे असं मी म्हणत नाही. इंटेलला २००९ मध्ये १०६ कोटी युरोंचा दंड झाला आणि इंटेलने गिऱ्हाइकांना दिलेली सूट तेवढ्याच कार्यक्षम स्पर्धकाला परवडली असती का ह्याचा हिशोब युरोपियन कमिशनला नीट मांडता आला नाही म्हणून २०२२ मध्ये तो रद्द झाला, २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. पंधरा वर्षं! असल्या केसेसनंतर युरोपने डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट आणला ज्यात मोठ्या प्लॅटफॉर्म्सना काय करायचं नाही हे आधीच लिहून दिलंय, प्रत्येक वेळी परिणाम सिद्ध करत बसायला नको.

थिअरी आणि कायदा छान जुळल्याचं उदाहरण द्यायचं तर कार्टेलचं, म्हणजे संगनमताने भाव ठरवणाऱ्या कंपन्यांच्या टोळीचं, देईन. स्टिगलरने १९६४ मध्ये लिहिलं की कार्टेलची खरी डोकेदुखी आतल्या आत फसवणारा सभासद पकडण्याची असते. मग त्या अविश्वासाला आणखी हवा द्या ना. अमेरिकेने १९९३ मध्ये माफीची योजना सुधारली, जी कंपनी सगळ्यात आधी येऊन कबुली देईल तिला पूर्ण माफी, दुसरी आली तर तिला ते नाही. प्रत्येकाला वाटतं समोरचा आधी जाईल, म्हणून सगळेच धावतात. युरोपने १९९६ मध्ये हाच मार्ग धरला. इथे थिअरीला कोर्टात काहीच सिद्ध करावं लागत नाही, ती योजनेच्या रचनेतच आहे, म्हणूनही असेल कदाचित.

मार्केटची व्याख्या हा आणखी एक प्रांत आहे जिथे थिअरीशिवाय गत नाही. १९५६ च्या ड्युपाँटच्या केसमध्ये सेलोफेनच्या विक्रीत कंपनीचा वाटा सुमारे ७५ टक्के होता, पण कोर्टाने सगळंच लवचिक पॅकेजिंग एक मार्केट धरलं, त्यात सेलोफेन २० टक्क्यांच्याही खाली, म्हणून मक्तेदारी नाही. कारण दिलं की भाव थोडा वाढला तर गिऱ्हाईक दुसऱ्या मटेरियलकडे वळतं. अहो पण मक्तेदार भाव वाढवत वाढवत नेमका अशाच जागी थांबतो जिथून पुढे गिऱ्हाईक पळेल! ही चूक इतकी प्रसिद्ध आहे की तिला सेलोफेनचंच नाव पडलंय. आणि २०१८ च्या अमेरिकन एक्सप्रेसच्या केसमध्ये मला भीती वाटते की दुसऱ्या टोकाची चूक झाली. कार्ड कंपनीला एका बाजूला दुकानदार आणि दुसऱ्या बाजूला कार्डधारक, अशा दोन बाजूंच्या मार्केटची थिअरी जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल ह्यांनी २००३ मध्ये मांडली, फार देखणं काम आहे ते. सुप्रीम कोर्टाने त्यावरून ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की फिर्यादीने दोन्ही बाजूंचं एकत्रित नुकसान सुरुवातीलाच दाखवायचं. कंपनीने २००५ ते २०१० मध्ये दुकानदारांची फी वीस वेळा वाढवली हे रेकॉर्डवर होतं, तरी पुरेसं ठरलं नाही. कार्डधारकांना त्याचा फायदा मिळाला असेल तर तो कंपनीने दाखवावा की, तिच्याकडेच तर सगळा डेटा! रोशे-तिरोलच्या पेपरमधून ही जबाबदारी फिर्यादीवर टाकायला हवी असं कुठेही निघत नाही, ते कोर्टाने स्वतःचं जोडलं.

उलट २०२२ मध्ये पेंग्विन रँडम हाउस आणि सायमन अँड शुस्टरचं मर्जर थांबलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. जज फ्लॉरेन्स पॅन ह्यांनी बघितलं ते वाचकाला पुस्तक किती महाग पडेल हे नाही, तर अडीच लाख डॉलर्स किंवा जास्त अ‍ॅडव्हान्स मिळणाऱ्या लेखकांसाठी बोली लावणारे किती उरतील हे. एकत्र झालेल्या कंपनीकडे अशा पुस्तकांचा जवळपास निम्मा हिस्सा गेला असता. खरेदीदाराच्या मक्तेदारीचा विचार जोन रॉबिन्सन ह्यांनी १९३३ मध्येच मांडला होता, आणि मर्जरच्या केसमध्ये तो असा उघडपणे निकालाचा कणा व्हायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. गिऱ्हाइकाचं हित एवढा एकच निकष लावत बसलं की काम करणाऱ्याच्या बाजूची मक्तेदारी दिसतच नाही, ही न्यू ब्रँडायझियन (मक्तेदारीविरोधी जज लुई ब्रँडाइस ह्यांचं नाव लावणाऱ्या) मंडळींची तक्रार मला इथे शंभर टक्के पटते. त्यांच्यातले काही जण इकॉनॉमिक्सच बाजूला ठेवा म्हणतात तिथे मात्र मी त्यांच्याबरोबर नाही, व्हॉन्स ग्रोसरीचे दिवस परत नकोत.

गृहीतक धरणं म्हणजे अडाणीपणा असंही मला वाटत नाही. १९६३ मध्ये फिलाडेल्फिया नॅशनल बँकेच्या केसमध्ये कोर्टाने ठरवलं होतं की मर्जरनंतर वाटा ३० टक्क्यांवर गेला तर ते घातक आहे असं धरून चालायचं, नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. २०२३ च्या अमेरिकन मर्जर गाइडलाइन्समध्ये हा ३० टक्क्यांचा आकडा परत आला. ज्याच्याकडे माहिती आहे त्याला बोलायला लावायचा हा मार्ग आहे, आणि माहिती कुणाकडे असते हासुद्धा इकॉनॉमिक्सचाच प्रश्न आहे.

आता पुढचं भांडण भाव ठरवणाऱ्या प्रोग्रॅम्सवरून आहे. २०२० मध्ये एमिलियो कॅल्व्हानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की साधे शिकणारे अल्गोरिदम एकमेकांशी काहीही न बोलता, कुणी न शिकवता, भाव चढे ठेवायला आणि भाव पाडणाऱ्याला धडा शिकवायला शिकतात. शर्मन अ‍ॅक्टला मात्र करार लागतो, दोघांनी काहीतरी ठरवलेलं लागतं. ह्यावर टर्नर आणि पोस्नर ह्यांचं साठच्या दशकातच वाजलं होतं. टर्नरचं म्हणणं होतं की न बोलता भाव चढे राहिले तर कंपनीला हुकूम तरी काय देणार, प्रतिस्पर्ध्याचा भाव दिसत असून बघू नकोस असं माणसाला सांगता येत नाही, आणि पोस्नर म्हणत होता की परिणाम कार्टेलचाच असेल तर करार धरावा. माणसांच्या बाबतीत मला टर्नर बरोबर वाटतो. प्रोग्रॅमच्या बाबतीत त्याची हरकत पडते, कारण प्रोग्रॅमला तसं सांगता येतं, तो लॅबमध्ये चालवून बघता येतो, समोरच्याने भाव पाडला तर हा सूड उगवतो का ते मोजता येतं. ही टेस्ट ज्याने प्रोग्रॅम लावलाय त्याने करून दाखवावी असं मी म्हणेन, कारण कोड आणि लॉग्ज त्याच्याकडेच आहेत, आणि बाहेरच्या फिर्यादीने ते सिद्ध करायचं ठरलं तर ती केस उभीच राहणार नाही.